टीसीएलच्या पाण्यातली नऊ भावंडं, अन् त्यांना वेगळं करायची कटकट

पहिला दमदार पाऊस पडला की आमच्या गावच्या नळाला दोन गोष्टी येतात, एक म्हणजे चहासारखं पाणी अन् दुसरी म्हणजे टीसीएलचा वास. यंदा तिसरीही आली. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला होता, की टीसीएल म्हणजेच ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, ते आपल्या टाकीत ओततात, त्यानं कॅन्सर होतो, कोणीच सांगत नाही, दहा जणांना पाठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी शेजारच्या काकू स्टीलचा गुंड घेऊन दारात हजर. "मास्तर, तुमी केमिस्ट्री शिकवता ना, मंग सांगा बरं, हे पाणी प्यायचं का फेकायचं?"

मी म्हटलं काकू, पाणी प्या. पण मेसेज पूर्ण खोटा आहे असं काही मला म्हणता येईना, कारण तो अर्धाच खोटा होता, अन् उरलेला अर्धा समजवता समजवता त्यांचा चहा दोनदा झाला. तेच इथं लिहितो, जरा निवांत.

## आधी नावाचा घोळ मिटवू

टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. म्हणजे साधी ब्लीचिंग पावडर, चुन्यात धरून ठेवलेला क्लोरीन. आमचा जलसुरक्षक हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशोबानं बादलीत कालवतो, चुना खाली बसू देतो, वरचं निवळ पाणी टाकीत टाकतो अन् अर्धा तास थांबून मग व्हॉल्व्ह उघडतो. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड ही वेगळीच चीज आहे, तिचं शॉर्ट नाव टीसीए. एका अक्षराचा फरक, अन् मेसेज लिहिणाऱ्यानं तिथंच गाडी घसरवली. टीसीए पाण्यात कोणीच टाकत नाही.

पण, आता हा पण महत्त्वाचा, टीसीए पाण्यात टाकत नसले तरी ते पाण्यात *तयार* होतं. थोडंसं. अन् एकटं नाही, भावंडं घेऊन.

## तीन खुंटे, दोन जातीची जनावरं

ॲसेटिक ॲसिड सगळ्यांच्या ओळखीचं आहे, चायनीजच्या गाडीवर ते व्हिनेगर असतं ना, त्यातला आंबटपणा ह्याचाच. त्याच्या रेणूला एका बाजूला तीन हायड्रोजन असतात. गोठ्यात तीन खुंटे आहेत असं समजा, तिन्हीला हायड्रोजनची तीन वासरं बांधलेली. आता एखादं वासरू सोडून त्या खुंट्याला क्लोरीनचा किंवा ब्रोमीनचा बैल बांधला की झालं हॅलोॲसेटिक ॲसिड. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, फ्लोरिन ह्या खानदानाला हॅलोजन म्हणतात म्हणून हॅलो, फोनवरच्या हॅलोशी संबंध नाही.

एक बैल बांधला तर मोनो, दोन तर डाय, तीन तर ट्राय. नळाच्या पाण्यात मुख्यतः क्लोरीन अन् ब्रोमीन दोनच जातीचे बैल येतात, तर बोटावर मोजून पहा: एका बैलाचे दोन प्रकार, दोन बैलांचे तीन (दोन्ही क्लोरीन, दोन्ही ब्रोमीन, एक-एक), तीन बैलांचे चार. झाले नऊ. ही नऊ भावंडं. दिसायला सारखी, सगळी पाण्यात विरघळणारी, सगळी आंबट, रंग नाही, अन् नळाला जेवढी असतात तेवढ्यावर वास नाही चव नाही. टीसीएलचा जो वास काकूंना येतो तो क्लोरीनचा, ह्यांचा नाही.

## येतात कुठून?

पावसाचं पहिलं पाणी चहासारखं का होतं? नुसत्या मातीनं नाही. नाल्यातला कुजलेला पाला, पऱ्हाटीचा चुरा, शेणखत, गवत, ह्या सगळ्याचा अर्क पाण्यात उतरलेला असतो. अर्क म्हणजे अक्षरशः चहाच. तो गाळणीत अडकत नाही अन् फडक्यातही नाही. त्यात क्लोरीन टाकला की क्लोरीन जंतू मारतो, ते त्याचं कामच, पण हाती लागला तर ह्या अर्कालाही चावतो, अन् त्या चावाचावीत जे तुकडे पडतात त्यातले काही म्हणजे ही भावंडं. पाण्यात मुळातच ब्रोमाइड असलं तर ब्रोमीनवालीही होतात.

ही गोष्ट जगाला कळली तीसुद्धा फार जुनी नाही. पाण्यात क्लोरीन टाकणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, अमेरिकेत जर्सी सिटीनं १९०८ मध्ये सुरू केलं, पण १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक नावाच्या केमिस्टनं दाखवून दिलं की क्लोरीनमुळे नळाच्या पाण्यात क्लोरोफॉर्म अन् त्याचे नातेवाईक तयार होतात. त्या नातेवाईकांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. आपली ॲसिडवाली भावंडं त्यांच्या पाठोपाठ सापडली.

जाता जाता एक. ह्यातलं सर्वात साधं मोनोक्लोरोॲसेटिक ॲसिड कारखान्यात मुद्दाम बनवतात, टनावारी, अन् त्याच्यापासून आपलं टू-फोर-डी तणनाशक बनतं. हो तेच, शेजारच्यानं वाऱ्याच्या दिवशी फवारलं की आपल्या पऱ्हाटीची पानं आकसून भेंडीसारखी होतात अन् मग धुऱ्यावर भांडण लागते ते. नळाच्या पाण्यातल्या ॲसिडाचा त्या फवारणीशी संबंध नाही, फक्त खानदान एक.

## किती असतात, अन् किती म्हणजे जास्त?

अमेरिकेत नऊपैकी पाच भावंडांची बेरीज लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही असा नियम आहे, युरोपनंही २०२० च्या नव्या कायद्यात त्याच पाचांना तोच आकडा धरला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोक्यात बसत नाही ना? माडीवरची हजार लिटरची टाकी घ्या. ६० मायक्रोग्रॅमच्या हिशोबानं त्या अख्ख्या टाकीत मिळून ६० मिलिग्रॅम होतात, तांदळाचे तीनेक दाणे. तेवढ्यावरून सगळा वाद.

आपल्याकडं पिण्याच्या पाण्याचं मानक म्हणजे आयएस १०५००. २०१२ च्या त्या मानकात क्लोरोफॉर्म अन् त्याच्या नातेवाईकांना मर्यादा दिलेल्या आहेत, पण ह्या ॲसिडांना नाही. म्हणून तुमच्या पाण्याच्या रिपोर्टात हे नाव दिसणार नाही. ते नाही म्हणून पाण्यात ॲसिड नाही असं नाही, अन् आहेच असंही नाही, तपासलंच नाही एवढाच त्याचा अर्थ.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं डायक्लोरो, ट्रायक्लोरो अन् डायब्रोमो ह्यांना '२ ब' गटात ठेवलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करण्याची शक्यता आहे. ही बरीचशी माहिती उंदरांना आपल्या नळापेक्षा कितीतरी जास्त डोस देऊन मिळालेली आहे. म्हणून मर्यादा ठरवल्या अन् त्या आयुष्यभर रोज पाणी पिण्याचा हिशोब करून ठरवल्या, एक दिवस चहासारखं पाणी प्यायलं म्हणून कोणी आजारी पडतं असं नाही. पडलाच तर जंतूंनी पडेल.

आता इथं जरा थांबा कारण सगळ्या लेखाचा खुंटा इथंच रोवलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे पहा: मोनोक्लोरो लिटरमागे २० मायक्रोग्रॅम, डायक्लोरो ५०, ट्रायक्लोरो २००. सख्खी भावंडं, पण एकाला वीस अन् एकाला दोनशे! म्हणजे कोणी येऊन सांगितलं की तुमच्या पाण्यात ही ॲसिडं मिळून शंभर मायक्रोग्रॅम आहेत, तर त्यावरून घाबरायचं का निवांत बसायचं हे ठरवताच येत नाही. शंभरही ट्रायक्लोरो असेल तर निम्म्यातच आहे. शंभरही मोनोक्लोरो असेल तर पाचपट झालं. तर बेरीज पुरत नाही, एकेकाला वेगळं काढूनच मोजावं लागते.

## वेगळं करायचं म्हणजे कसं? एक खडू घ्या

माझ्या पोरीनं मागच्या सुट्टीत केलेला प्रयोग सांगतो. शाळेतला पांढरा खडू घेतला, खालच्या टोकापासून बोटभर वर काळ्या स्केचपेननं गोल कडं काढलं, अन् बशीत थोडंसं पाणी घेऊन त्यात खडू उभा केला, कडं पाण्याच्या वर राहील असा. पाणी खडूतून वर चढायला लागलं. दहा मिनिटांत काळं कडं काळं राह्यलंच नाही, वर निळं गेलं, मधात गुलाबी, खाली पिवळट. तिला वाटलं पेन बिघडला.

काळी शाई म्हणजे तीन-चार रंगांचं मिश्रण. ज्या रंगाला पाण्याची ओढ जास्त तो पाण्यासोबत पळाला, ज्याला खडूची ओढ जास्त तो खडूला चिकटून मागं राह्यला. बस, क्रोमॅटोग्राफी म्हणतात ती एवढीच. मिखाइल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतीशास्त्रज्ञानं पानांतले रंग असेच खडूच्या भुकटीच्या नळीतून वेगळे केले अन् १९०६ मध्ये त्याला हे नाव दिलं, क्रोमा म्हणजे ग्रीकमध्ये रंग.

आजच्या मशीनमध्ये खडूच्या जागी असतो कॉलम, म्हणजे वीतभर लांबीची स्टीलची नळी, आतून पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी जाड, तीत पाच मायक्रॉनच्या आसपासची भुकटी ठासून भरलेली. आपला केस सत्तरेक मायक्रॉन धरा, मग भुकटी किती बारीक ते कळेल. इतक्या बारीक भुकटीतून पाणी आपलंआपण जात नाही, पंपानं रेटावं लागते, दीडदोनशे बारचं प्रेशर, म्हणजे मोटारसायकलच्या टायरात असते त्याच्या शंभरपट. ह्यालाच एचपीएलसी म्हणतात, द्रव वापरून केलेली जोरदार क्रोमॅटोग्राफी. एका टोकाला पाण्याचा नमुना सोडायचा, दुसऱ्या टोकाला पहारेकरी बसवायचा, जो बाहेर कोण कधी आलं ते टिपतो. कागदावर टेकाडं उमटतात, त्या टेकाडाला पीक म्हणतात. (आमच्या गावात पीक म्हटलं की कापूस, तूर, सोयाबीन. वडिलांना मी सांगितलं होतं की प्रोजेक्टात पीकच येऊन नाही राह्यलं, तर ते म्हणाले पाऊस कुठं झाला.) कोणत्या मिनिटाला पीक आलं त्यावरून कोण आहे ते कळते, अन् टेकाड किती मोठं त्यावरून किती आहे ते. जुन्या तराजूला जशी मापं लागायची तशी इथं स्टँडर्ड लागतात, म्हणजे ज्याच्यात किती आहे ते आपल्याला आधीच ठाऊक आहे असा नमुना.

## माझी फजिती

आता ते पीक न येण्याचं. एम.एस्सी.ला असताना मी हाच विषय घेतला होता. लॅबमध्ये जुनं एचपीएलसी, त्याला सी-अठरा कॉलम. सगळीकडं हाच असतो, औषध कंपन्यांत वगैरे. त्याच्या भुकटीला अठरा कार्बनच्या लांब शेपट्या चिकटवलेल्या असतात, म्हणजे स्वभाव तेलकट. तेलकट पदार्थ त्यात रमतात, बाकीचे सरळ निघून जातात. मी तीन ॲसिडं मिसळून सोडली अन् पहात बसलो. दीड मिनिटाला एकच मोठं टेकाड आलं, अन् त्यानंतर अर्धा तास सपाट रेघ. तिन्ही भावंडं एकमेकांचा हात धरून, कॉलमकडं ढुंकूनही न पाहता, बाहेर.

आठवडी बाजारातून जसे तुमच्यासारखे खिसा रिकामा असलेले लोक सरळ चालत जातात ना, एकाही दुकानाशी न थांबता, अगदी तसं. वेगळं व्हायला आधी थांबावं लागते, थांबलंच नाही तर वेगळं काय होणार.

थांबत का नाहीत? क्लोरीन महाशय इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढण्यात पटाईत. खुंट्याला एक क्लोरीन बांधला की ॲसिडाच्या दुसऱ्या टोकाचा हायड्रोजन ढिला होतो, दोन बांधले की अजून ढिला, तीन बांधले की पाण्यात पडल्या पडल्या सुटून जातो. हायड्रोजन सुटला की मागं राहतो निगेटिव्ह चार्ज, अन् चार्ज असलेल्याला पाणी प्रिय, तेल नको. किती ढिला ते मोजायला पीकेए नावाचा आकडा आहे, जेवढा लहान तेवढं ॲसिड जोरदार: साधं ॲसेटिक ४.७६, मोनोक्लोरो २.८७, डायक्लोरो १.३ च्या आसपास, ट्रायक्लोरो ०.७ च्या आसपास. एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट, म्हणजे तीन बैल बांधल्यावर व्हिनेगरचं ॲसिड दहा हजार पटीपेक्षा जोरदार होऊन बसते.

## मग अजून ॲसिड टाका ना!

मलाही हेच वाटलं होतं. सोडायच्या पाण्यातच जोरदार ॲसिड टाकून ठेवा, म्हणजे सुटलेला हायड्रोजन परत येऊन बसेल, चार्ज जाईल, ॲसिड तेलकट कॉलमवर थांबेल. डोकं बरोबर आहे. पीएच (आंबटपणाचा आकडा, जेवढा कमी तेवढं आंबट) दोनवर आणला की मोनोक्लोरोचे जवळपास नव्वद टक्के रेणू चार्ज टाकून देतात अन् छान थांबतात. पण डायक्लोरोचे जेमतेम पंधरा-सतरा टक्के, अन् ट्रायक्लोरोचे पाचेक. त्याचा चार्ज घालवायला पीएच शून्याच्याही खाली न्यावा लागेल, अन् तिथवर जायच्या आतच दोनच्या खाली कॉलमच्या त्या अठरा कार्बनच्या शेपट्या तुटून वाहून जायला लागतात. मी थोडा हट्ट केला. कॉलम गेला. तेव्हा त्याची किंमत वडिलांच्या दोन क्विंटल कापसाएवढी होती, गाईड सर काही बोलले नाहीत पण पंधरा दिवस माझ्याकडं पाह्यलंही नाही.

## दोन वाटा, त्यातली दुसरी चांगली

पहिली वाट, चार्ज घालवायचा नाही, झाकायचा. सोबतच्या पाण्यात असा एक पदार्थ टाकायचा ज्याचं एक टोक पॉझिटिव्ह अन् बाकीचं अंग तेलकट. तो ॲसिडाचा हात धरतो अन् दोघंही तेलकट कॉलमवर जाऊन बसतात. साबणाचं काम असंच चालते, एका हातात पाणी एका हातात मळ. ही युक्ती चालते, भावंडं मोनो, डाय, ट्राय अशी ओळीनं बाहेर येतात, पण तो पदार्थ मशीनमध्ये चिकटून बसतो अन् पुढं वजन करणारं महागडं यंत्र जोडलं असेल तर आठवडे-आठवडे त्याचाच सिग्नल देत राहतो, हळदीचा हात धुतल्यावरही पिवळा राहतो ना, तसं.

दुसरी वाट म्हणजे कॉलमच बदला. तेलकट भुकटी नको, पॉझिटिव्ह चार्जवाली भुकटी भरा. ह्याला आयन एक्सचेंज म्हणतात. आता आपली निगेटिव्ह भावंडं तिथं जाऊन आपसूक बसतात. बसली की उठवायचं कसं? एसटीसारखं. लग्नसराईत परतवाड्याहून अमरावतीची बस धरली आहे कधी? प्रत्येक स्टॉपला गर्दी वाढते, अन् जो सीटच्या टोकावर अर्धा टेकलेला असतो तो पहिले उठतो, जो खिडकीला रेलून पाय पसरून बसलाय तो शेवटपर्यंत हलत नाही. इथं गर्दी म्हणजे हायड्रॉक्साइड, तोही निगेटिव्ह चार्जवालाच, म्हणून त्याच सीटा मागतो. आधी थोडं सोडायचं, मग वाढवत जायचं. एका बैलाची मोनोवाली भावंडं पहिले उठतात, मग डाय, अन् ट्रायवाली शेवटच्या स्टॉपला. जोडीत ब्रोमीनवालं भावंड क्लोरीनवाल्याच्या मागून येते, कारण ते अंगानं मोठं अन् भुकटीला जास्त धरून बसते.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००९ मध्ये ह्याच वाटेनं एक पद्धत ठरवून दिली, पद्धत क्रमांक ५५७. नऊही भावंडं एकाच फेरीत, जवळपास तासाभरात. त्यात एक बारकावा मला लई आवडतो, कॉलम १५ अंशाला थंड ठेवायचा, कारण हायड्रॉक्साइडमध्ये गरम झालं की ह्यातली काही ॲसिडं वाटेतच मोडायला लागतात. आमच्याकडं मे महिन्यात ४६ अंश होते, म्हणजे लॅबमध्ये माणसाला पंखा अन् कॉलमला एसी.

## खारपाण पट्टेवाल्यांनी इकडं लक्ष द्या

अकोला, बुलडाणा, अमरावतीकडं पूर्णेच्या काठचा जो खारपाण पट्टा आहे, तिथलं पाणी ह्या मशीनला देणं म्हणजे परीक्षाच. मघाची हजार लिटरची टाकी आठवा, आपली ॲसिडं त्यात तांदळाचे तीन दाणे. क्लोराइडची मानकातली मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच टाकीत पाव किलो. दुसरा स्रोत नसेल तर एक हजारापर्यंत चालवून घेतात, म्हणजे एक किलो! अन् क्लोराइडही निगेटिव्हच, तोही त्याच सीटांसाठी भांडणार. एक किलो क्लोराइडच्या गर्दीत तीन दाणे शोधायचे. कॉलम भरून जातो, पिकं सरकतात, पसरट होतात, एकमेकांवर चढतात.

उपाय साधाच आहे, पण वेळ सांभाळावी लागते. क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट कोणत्या मिनिटाला बाहेर येतात ते ठाऊक असते, तेवढ्या वेळापुरता व्हॉल्व्ह फिरवून ते नालीत सोडून द्यायचे, पुढच्या यंत्रात जाऊच द्यायचे नाहीत. रात्री लाइन आली की ओलिताचं पाणी एका दांडातून दुसऱ्या दांडात फिरवतो ना आपण, तीच कला, मिनिट चुकलं की वाफा कोरडा.

## बाहेर आल्यावर ओळखायचं कसं?

पहारेकरी दोन तऱ्हेचे. स्वस्तातला म्हणजे अतिनील प्रकाश टाकून पाहणारा. ही ॲसिडं २१० नॅनोमीटरच्या आसपासच थोडा प्रकाश खातात, अन् तिथंच नायट्रेट भरपूर खातो. आपल्या विहिरींत युरियाच्या कृपेनं नायट्रेटची कमी नाही. त्यामुळं हा पहारेकरी मायक्रोग्रॅमच्या कामाचा नाही, मिलिग्रॅमपर्यंत ठीक.

महागातला पहारेकरी म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, हा रेणूचं वजन करतो. इथं निसर्गानंच एक खूण करून ठेवली आहे. क्लोरीनचे अणू दोन वजनाचे असतात, ३५ अन् ३७, साधारण तीनास एक. ब्रोमीनचे ७९ अन् ८१, जवळपास निम्मे-निम्मे. म्हणजे जनावराच्या कानाला बिल्ला मारलेला असतो तसं, एकच क्लोरीन असला तर जोडी तीनास एक दिसते, एकच ब्रोमीन असला तर बरोबरीची, अन् बैल जास्त असले की प्रमाण बदलते, पण तेही हिशोबानं काढता येते. वरून यंत्र त्या रेणूला एक टोला देते, त्यातून ४४ वजनाचा कार्बन डायऑक्साइड गळून पडतो, अन् उरलेला तुकडा पुन्हा तोलते. डायक्लोरो १२७ चा ८३ होतो, ट्रायक्लोरो १६१ चा ११७. वेळही जुळली, वजनही जुळलं, तुकडाही जुळला, मग वाद नाही. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या खालीसुद्धा पकडता येते.

गॅस क्रोमॅटोग्राफीनं नाही होत का, असं कोणी बी.एस्सी.वाला विचारेलच. होते, कित्येक वर्षं तसंच होत आलं. पण गॅसमध्ये जायला पदार्थाची वाफ व्हावी लागते अन् ही ॲसिडं तशी उडत नाहीत, म्हणून आधी त्यांना आंबट मिथेनॉलमध्ये गरम करून वेगळ्या रूपात बदलावं लागते. दोन-तीन तास जास्तीचे, अन् प्रत्येक पायरीला थोडं सांडतं. द्रवाच्या पद्धतीत पाणी जवळपास जसंच्या तसं सुईनं आत.

## नमुना भरताना नवसागर

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. बाटलीत पाणी भरलं अन् लॅब दोनशे किलोमीटर दूर, तर वाटेतही पाण्यातला क्लोरीन अर्काला चावतच राहतो अन् ॲसिडं वाढतच जातात. मग जो आकडा येतो तो तुमच्या नळाचा नाही, तुमच्या बाटलीचा. म्हणून बाटलीत आधीच चिमूटभर अमोनियम क्लोराइड टाकून ठेवतात. म्हणजे नवसागर, आपला कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकायचा अन् धूर व्हायचा तो. त्यानं मोकळा क्लोरीन बांधला जातो, चावणं थांबतं. बाटली तपकिरी काचेची, बर्फात, अन् दोन आठवड्यांच्या आत तपासणी.

## काकूंचे प्रश्न, अन् बाकीच्यांचेही

"मी उकळून देते ना लेकरांना." छान, जंतू मरतात अन् क्लोरोफॉर्मवाले नातेवाईक वाफेसोबत उडून जातात. पण ही ॲसिडं उडत नाहीत. ट्रायवाली तेवढी तापल्यावर तुटतात अन् त्यांचाच क्लोरोफॉर्म किंवा त्याचा नातेवाईक होऊन उडतो, बाकीची बसून राहतात.

"आरओ वाला आला होता, त्यानं पेनसारखं मशीन बुडवून दाखवलं, आकडा चारशे आला." ते टीडीएस मीटर. ते एकूण क्षार मिलिग्रॅममध्ये दाखवते, आपली ॲसिडं मिळून ०.०६ मिलिग्रॅम. जनावराच्या वजनकाट्यावर सोन्याची नथ तोलण्यासारखं आहे. आरओचा पडदा ही ॲसिडं बहुतेक अडवतो हे खरं, पण त्या पेनचा अन् ह्याचा काहीही संबंध नाही.

"ओटी टेस्टला पाणी पिवळं होते, ते ॲसिड?" नाही. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब, ते पाण्यात क्लोरीन उरलाय का तेवढंच दाखवतात. पिवळं झालेलंच पाहिजे.

"मंग टीसीएल बंदच करा ना एकदाचं!" हा प्रश्न आबाजींनी विचारला अन् ग्रुपवर चाळीस अंगठे आले. २०२२ च्या जुलैत आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात पाचडोंगरी अन् कोयलारीत काय झालं ते आठवा. दूषित विहिरीचं पाणी, कॉलरा, माणसं दगावली, काही दिवसांत. इकडं तीन दाणे तांदळाचा आयुष्यभराचा हिशोब, तिकडं चार दिवसांत तिरडी. ह्यात तराजू लावायचीही गरज नाही.

करायचं ते वेगळं आहे, क्लोरीन कमी नाही करायचा, त्याला चावायला मिळणारा तो चहाचा अर्क कमी करायचा. म्हणजे आधी तुरटी, गाळ बसू द्यायचा, गाळण, अन् मग टीसीएल. तुरटीचे गोळे मातीसोबत अर्काचाही बराच भाग खाली ओढून नेतात. आमच्याकडं उलटं चाललं होतं, गढूळ पाण्यातच टीसीएल, अन् वास येईना म्हणून अजून टीसीएल. पावडरही ओल लागलेली. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्के असतो, वीसच्या खाली गेला की ती पावडर फक्त चुना.

## शेवटचा नळ

जलसुरक्षक भाऊला हे सगळं सांगितलं तर त्यानं असा प्रश्न विचारला की मला माझ्या एम.एस्सी.ची लाज वाटली. "सर, नमुना टाकीपाशी घ्यायचा का पार शेवटच्या घरी? शेवटी जास्त झालं असेल ना?"

क्लोरोफॉर्मवाल्यांचं तसंच होते, पाइपात जेवढा वेळ जास्त तेवढे वाढतात. ॲसिडांचं मात्र उलटंही होऊ शकते. पाइपाच्या टोकाला क्लोरीन संपला की आतल्या चिकट थरातले जंतू जिवंत राहतात, अन् ते ही ॲसिडं खातात. म्हणजे एखाद्यानं शेवटच्या नळाचं पाणी लाखो रुपयांच्या मशीनमधून काढलं अन् पिकं अगदी बारीक आली, तर रिपोर्ट पाहून पेढे वाटायचे नाहीत. खाणारे तिथं आहेत, म्हणून ताट रिकामं आहे.

भाऊनं काही मशीनची वाट पाह्यली नाही. सायकलवर ओटीची डबी घेऊन गेला, बौद्धपुऱ्यातल्या शेवटच्या घरच्या नळाखाली नळी भरली, पाच थेंब टाकले, हलवली, उजेडात धरली. पिवळं झालंच नाही. तिथून परत येता येता त्यानं टाकीची शिडी गाठली, अन् मला फोन केला की तुरटी किती किलो आणायची.